दस्तरख्वानावरची जागा

दिव्य कुरआनातील सूरह अल-हुजुरात अवघ्या १८ आयतींची आहे. तिच्यातील ११, १२ आणि १३ या तीन आयती आपण जुम्याच्या खुत्ब्यात, निकाहच्या मजलिसीत पुष्कळदा ऐकतो; परंतु बहुधा सुट्या सुट्या ऐकतो. अकराव्या आयतीत एका समूहाने दुसऱ्या समूहाची थट्टा करू नये, स्त्रियांनी स्त्रियांची करू नये, हिणकस टोपणनावांनी कुणाला हाक मारू नये, अशी आज्ञा आहे. बाराव्या आयतीत संशय घेण्यास, दुसऱ्याच्या गुप्त गोष्टी हुडकण्यास आणि पाठीमागे निंदा करण्यास मनाई आहे. तेराव्या आयतीत संबोधनच बदलते. आधीच्या दोन आयती ईमानधारकांना उद्देशून आहेत, ही मात्र समस्त मानवांना उद्देशून आहे: तुम्हा सर्वांचे मूळ एकच जोडपे आहे, वंश आणि कबिले ही केवळ ओळखीची साधने आहेत, आणि अल्लाहपाशी मान आहे तो ईशभयाचा.

या तीन आयतींच्या मधोमध जी उपमा आली आहे ती अन्नाची आहे. निंदा करणाऱ्याला विचारले आहे की मेलेल्या भावाचे मांस खाणे तुला रुचेल काय? समता, खाजगी जीवनाचा आदर आणि घास या तीन गोष्टी अल्लाहने अशा एका ठिकाणी बांधल्या आहेत. वाचकहो, आज या तिन्हींचा विचार आपण एकत्रच करू या, कारण आपल्या रोजच्या जगण्यात त्या एकमेकींपासून तुटलेल्या आहेत.

आपल्या घरांत अन्नाचा विषय निघाला की तो जबीहापाशी सुरू होतो आणि बहुधा जबीहापाशीच संपतो. बिस्किटात कोणती चरबी आहे, औषधाच्या कॅप्सूलचे आवरण कशाचे आहे, हॉटेलवाल्याने लावलेली हलालची पाटी खरी की खोटी, याची चौकशी आपण बारकाईने करतो. ती करायलाच हवी; हलाल-हरामची मर्यादा अल्लाहने घालून दिलेली आहे आणि तिच्याशी तडजोड नाही. परंतु सूरह अल-बकराच्या १६८ व्या आयतीत ‘हलाल’ या शब्दाला लागूनच ‘तय्यब’ हा शब्द आला आहे. तय्यब म्हणजे स्वच्छ, निर्मळ, मनाला आणि शरीराला मानवणारे. मांस जबीहाचे आहे, पण ते ज्या पैशांनी आणले तो पैसा मजुराची मजुरी बुडवून आलेला आहे, बहिणीचा वारसाहक्क दाबून आलेला आहे, तर त्या ताटाला काय म्हणावे? धूळभरल्या केसांचा एक प्रवासी आकाशाकडे हात उंचावून ‘हे पालनकर्त्या’ म्हणून आळवणी करतो, पण त्याचे खाणे हरामचे, पिणे हरामचे, वस्त्र हरामचे, मग त्याची दुआ कशी कबूल व्हावी, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले आहे. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिच्यात खाटकाच्या सुरीचा उल्लेखही नाही, चर्चा आहे ती कमाईची.

कमाईनंतर प्रश्न येतो रांधणाऱ्या हातांचा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. तुमचा सेवक तुमच्यासाठी अन्न घेऊन आला तर त्याला सोबत बसवा, आणि बसवणार नसाल तर निदान एक-दोन घास तरी त्याच्या हाती द्या, असा तिचा आशय आहे. कारणही तिथेच दिले आहे: चुलीची धग त्याने सोसली आहे आणि मेहनत त्याची आहे. ‘सेवकावर दया करा’ एवढेच म्हणता आले असते, परंतु प्रेषितांनी (स.) धगीकडे बोट दाखवले. रांधणाऱ्याच्या नाकात त्या अन्नाचा वास भरलेला आहे, त्याच्या कपाळावर घाम आहे, आणि अन्न मात्र दुसऱ्याच्या पुढ्यात जाते. या क्षणी त्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हे ज्याने ओळखले त्याची ही शिकवण आहे.

इमाम बुखारी यांच्या ‘अल-अदब अल-मुफरद’ या संग्रहात हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला एक प्रसंग आहे. सफवान बिन उमय्या यांनी अन्नाचा एक मोठा थाळा आणून त्यांच्यासमोर ठेवला. उमर (रजि.) यांनी आसपासच्या गोरगरिबांना आणि भोवती असलेल्या लोकांच्या गुलामांना बोलावले. ते सर्व त्यांच्यासोबत जेवले. मग जे लोक आपल्या गुलामांना जेवायला सोबत घेण्यास नाक मुरडतात त्यांच्याविषयी त्यांनी अत्यंत कडक शब्द काढले. खलिफाने कोणताही नवा कायदा केला नाही, कोणाच्या जेवण्याची पंगत बदलली एवढेच. पण ज्या समाजात गुलामाची जागा दाराबाहेर होती त्या समाजाला त्याचा अर्थ लगेच कळला असणार.

आता आपल्या घरांकडे पाहा. धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईसाठी किती घरांत वेगळी कपबशी आहे? ती बहुधा कान तुटलेली असते आणि मोरीजवळच्या फळीवर पालथी ठेवलेली असते. विचारले तर उत्तर मिळते, ‘तसे काही नाही, सवय आहे.’ ही सवय कुठून आली? ती ना कुरआनात आहे, ना सुन्नतमध्ये. आपले फिकहचे ग्रंथ स्पष्ट सांगतात की माणसाचे उष्टे पाक आहे, मग तो माणूस कोणत्याही धर्माचा, कोणत्याही कामाचा असो. इमाम अबू हनीफा यांना मानणाऱ्यांनी हे मदरशात पाठ केलेले असते, आणि कोकणातल्या शाफईंनीही. पाठांतर मात्र मोरीच्या फळीपर्यंत पोचत नाही.

वलीम्याची गोष्ट तर सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते ते अन्न सर्वांत वाईट, हे बुखारी व मुस्लिममध्ये आले आहे. आपल्या गावांतल्या आणि शहरांतल्या शादीखान्यांत गालिच्यांवर पाहुणे बसतात, मंडपाच्या मागे वाढपी पोरे उभ्याउभ्याने उरलेले खातात, गाडीचा चालक गाडीतच बसून राहतो, आणि रात्री अर्धवट खाल्लेल्या बिर्याणीच्या पराती उकिरड्यावर रिकाम्या होतात. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची अनुमती आणि उधळपट्टीची मनाई एकाच दमात सांगितली आहे. बिर्याणी किती देगांची झाली याचा हिशेब आपण ठेवतो. स्त्रियांच्या पंगतीला शेवटी काय उरले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पाहुण्यांना आधी वाढणे ही खातिरदारी झाली, पण जिने पहाटेपासून कांदा चिरला तिच्या ताटात शेवटी केवळ रस्सा आणि बटाटा यावा, हे कोणत्या शरीअतीत लिहिले आहे?

समतेविषयी आपण मोठ्या अभिमानाने बोलतो. मशिदीत एकाच सफमध्ये राजा आणि रंक उभे राहतात, हे वाक्य आपल्या प्रत्येक व्याख्यानात असते आणि ते खरेही आहे. मात्र मशिदीबाहेर, पाण्यापाशी आणि अन्नापाशी, त्या समतेचे काय होते याची एक साक्ष इतिहासात नोंदलेली आहे. ती साक्ष आपल्यातल्या कोणाची नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. आणि घटना आपल्याच मराठवाड्यातली आहे.

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले असता दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. तेव्हा तो प्रदेश निजामाच्या राज्यात होता. महिना रमजानचा होता. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले एक लहानसे टाके होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या मंडळींपैकी काहींनी तिथे हातपाय आणि तोंडे धुतली. ते दारापाशी पोचले तोच पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान ओरडत आला. जातिवाचक शब्दाने त्याने त्यांचा उद्धार केला आणि पाणी बाटवले असा आरोप केला. पाहता पाहता आजूबाजूचे तरुण आणि म्हातारे जमले आणि सगळेच शिव्या देऊ लागले. आम्ही बाहेरगावचे आहोत, इथला रिवाज आम्हाला ठाऊक नव्हता, असे पाहुण्यांनी सांगून पाहिले. तेव्हा तो राग सोबत आलेल्या स्थानिक दलितांवर वळला. अखेर बाबासाहेबांचा संयम सुटला आणि त्यांनी त्या जमावाला विचारले की हेच का तुमच्या धर्माने शिकवले? हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या पाण्यापासून अडवाल काय? जमाव गप्प झाला. पुढे किल्ल्यात जाण्याची परवानगी मिळाली ती या अटीवर की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि त्यावर नजर ठेवण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगापुढे थोडे थांबा. ते लोक रोजेदार असण्याचा पुरेपूर संभव आहे. दिवसभराची तहान काय असते हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? सूर्य मावळताच त्यातले काही जण पहिला घोट घेऊन अल्लाहचे आभार मानणार होते. तहानलेल्या कुत्र्याला मोजा भरून पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली, ही हदीस त्यांनीही ऐकली असेल. मदीनेत रूमा नावाची विहीर होती, तिचे पाणी विकत घ्यावे लागे; हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हेही त्यांना माहीत असेल. तरीही टाक्यापाशी उभे राहिल्यावर त्यांच्या मुखातून जे निघाले ते इस्लामचे नव्हते. ते या भूमीवरच्या जातिव्यवस्थेचे होते. कलमा वाचून पिढ्या लोटल्या होत्या, पण पाणी बाटते ही समजूत घरातून बाहेर पडली नव्हती.

बाबासाहेबांच्या प्रश्नाची खोच लक्षात घ्या. ‘मुसलमान झाल्यावर अडवाल काय’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले असते तर पाण्याची किंमत धर्मांतर ठरली असती, आणि ‘होय’ म्हटले असते तर दीनच खोटा ठरला असता. म्हणून जमाव गप्प बसला. पण तेराव्या आयतीने खरे उत्तर आधीच दिलेले आहे, कारण तिचे संबोधन केवळ ईमानधारकांना नाही. मानवाची प्रतिष्ठा त्याने कलमा वाचण्यापूर्वीपासून आहे. ते पाणी त्या पाहुण्यांना मुसलमान न होताही मिळायला हवे होते.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे, अन्यथा न्याय होणार नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे दुसरी परिषद भरवायची होती, आणि मंडपाला जागा मिळेना. ती जागा एका मुस्लिम गृहस्थाने दिली. महाड आणि दौलताबाद ही दोन्ही आपलीच गावे आहेत. आपली मुले यांपैकी कोणाचे वारस होणार, हे शाळेच्या पुस्तकात ठरत नाही, स्वयंपाकघरात ठरते.

म्हणूनच भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदातला दुसरा खंड वाचताना मला फार समाधान वाटते. समतेसारखी उदात्त गोष्ट सांगताना त्यात दुकाने आहेत, सार्वजनिक उपाहारगृहे आहेत, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने या ठिकाणी कोणालाही अडवता येणार नाही. ज्यांना तळ्यावर अडवले गेले होते त्यांच्या अनुभवातूनच असे कलम येऊ शकते. घरभाड्यासाठी जाहिरात पाहून गेलेल्या मुस्लिम कुटुंबाला ‘आमच्या सोसायटीत मांसाहारी चालत नाहीत’ असे ऐकावे लागते तेव्हा आपण याच समतेचा दाखला देतो, आणि तो देणे योग्यच आहे. मात्र आपल्याच वस्तीत, आपल्याच बिरादऱ्यांत तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मुलाणी, शिकलगार यांच्या सोयरिकीची गोष्ट निघाली की जे कुजबुजणे सुरू होते, त्याला कोणते नाव द्यावे? अबू हिंद (रजि.) हे व्यवसायाने हज्जाम होते, रक्तमोक्षणाचे काम करीत. प्रेषितांनी (स.) बनू बयाजा या कबिल्याला त्यांच्याशी सोयरीक जोडण्यास सांगितले, हे अबू दाऊदमध्ये आहे. आपल्याकडे वधूवरांच्या जाहिरातीत आजही बिरादरी पहिल्या ओळीत असते.

एव्हाना कोणी विचारील की मग सर्वांनी सर्व काही खावे, असे म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. इथे प्रेषितांच्या (स.) जीवनातला एक प्रसंग सांगतो. मला तो अत्यंत प्रिय आहे. उम्मुल मोमिनीन मैमूना (रजि.) यांच्या घरी दस्तरख्वानावर भाजलेला ‘जब्ब’ आला. हा वाळवंटातला प्राणी. प्रेषितांनी (स.) हात पुढे केला होता, तो पदार्थ कशाचा आहे हे सांगितल्यावर त्यांनी हात मागे घेतला. खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले, हे हराम आहे काय? उत्तर मिळाले की हराम नाही, पण माझ्या लोकांच्या भूमीत हा नसतो, म्हणून माझे मन घेत नाही. खालिद (रजि.) यांनी तो आपल्याकडे ओढला आणि खाल्ला, आणि प्रेषित (स.) पाहत होते.

या छोट्याशा घटनेत अन्नस्वातंत्र्याचा सगळा विचार आहे. ज्यांच्या एका शब्दाने ती वस्तू उम्मतीवर कायमची हराम ठरली असती, त्यांनी आपली नावड ही केवळ नावड आहे असे सांगितले. तिला धर्माचे वस्त्र चढवले नाही. आणि ज्याला आवडले त्याने, अल्लाहच्या प्रेषितासमोर, न संकोचता खाल्ले. कोणी कोणाला हिणवले नाही, कोणी दस्तरख्वानावरून उठले नाही. सूरह अन-नहलच्या ११६ व्या आयतीत आपल्या जिभेला वाटेल ते हलाल आणि वाटेल ते हराम ठरवण्याविरुद्ध जो इशारा आहे, त्याचा हा प्रत्यक्ष नमुना होय. प्रेषितांनी (स.) कधीही अन्नाला नाव ठेवले नाही, रुचले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले, असे हदीसमध्ये येते. शेजारचे वारकरी कुटुंब माळ घातल्यावर मांसाला शिवत नाही, वरच्या मजल्यावरचे जैन कुटुंब सूर्यास्तानंतर जेवत नाही, कांदा-लसूण टाळते. त्यांच्या या नियमांची थट्टा आपल्या मुलांच्या तोंडी येत असेल तर ती अकराव्या आयतीतलीच थट्टा आहे. कुरबानीचे अवशेष नाल्यावर टाकून, रक्त रस्त्यावर वाहू देऊन आपण ईदचा सण साजरा करीत नाही, शेजाऱ्याचा हक्क तुडवतो.

आणि एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. मांस खाणे हा ईमानचा स्तंभ नाही. हजरत आयशा (रजि.) सांगतात की दोन महिन्यांत तीन चंद्रकोरी दिसत आणि प्रेषितांच्या (स.) घरांत चूल पेटलेली नसे, खजूर आणि पाणी यांवर दिवस निघत. मुसलमान म्हणजे बिर्याणी, ही ओळख इतरांनी आपल्यावर लादली आणि आपण ती हौसेने मिरवू लागलो. जो मुसलमान प्रकृतीमुळे किंवा स्वभावामुळे भाजीभाकरी खातो त्याचे ईमान तसूभरही कमी नाही, एवढेच की अल्लाहने हलाल केलेले त्याने हराम म्हणू नये.

आपले ताट ही आपली निवड, दुसऱ्याचे ताट ही त्याची निवड, एवढे मान्य झाल्यावर शासनाचा प्रश्न येतो. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. कुरेशी आणि खाटीक समाजातल्या अनेक कुटुंबांच्या चुलीवर त्याचा थेट परिणाम झाला. बैल विकून पेरणीचा पैसा उभा करणाऱ्या शेतकऱ्यालाही तो जाणवला. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते: राज्याबाहेर कायदेशीर रीतीने कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण हे कलम रद्द केले. नागरिकाने आपल्या घरात काय खावे यात अशी ढवळाढवळ करणे हा त्याच्या खाजगी जीवनावरचा आघात आहे, असा त्या निकालाचा गाभा होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगी जीवनाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

कत्तलबंदीविषयी आपले मत काहीही असो, जोवर कायदा आहे तोवर तो पाळायचा आणि बदल हवा असेल तर सनदशीर मार्गाने मागायचा, हीच आपली वाट आहे. परंतु उंबरठ्याच्या आतली गोष्ट वेगळी आहे. फ्रिज उघडून पाहणारा जमाव, डबा हुंगणारा सहप्रवासी, पिशवी रिती करायला लावणारा स्वयंघोषित रक्षक यांनी या देशात माणसांचे जीव घेतले आहेत. ही हेरगिरी कायद्याच्याही विरुद्ध आहे आणि माणुसकीच्याही.

हे लिहिताना बारावी आयत पुन्हा समोर येते. तिचा आदेश आपल्याला आहे, आणि तो आपल्याला लागू होतो तेव्हाही तितकाच कठोर आहे. हजरत उमर (रजि.) रात्रीच्या गस्तीवर अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यासह फिरत होते. एका घरातून आवाज येत होते, आत मद्यपान चालले असावे असे दिसत होते. उमर (रजि.) यांनी विचारले, काय करावे? अब्दुर्रहमान (रजि.) म्हणाले की अल्लाहने ज्याला मनाई केली आहे तेच आपण करीत आहोत, आपण हेरगिरी करीत आहोत. खलिफा परतले. ज्यांच्या दराऱ्याने सरदार थरथरत, ते एका बंद दारापुढे थांबले. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडे एका माणसाविषयी तक्रार आली की त्याच्या दाढीतून दारू टपकते. त्यांनी सांगितले की आम्हाला पाळत ठेवण्याची मनाई आहे, उघडपणे काही समोर आले तर पाहू. दारू हराम आहे याविषयी या तिघांच्या मनात शंका नव्हती. दार बंद आहे याविषयीही नव्हती.

आता रमजानमधली आपली मोहल्ले आठवा. कोणी तरी दुपारी चहा पिताना दिसला की त्याचे छायाचित्र मोबाईलवर फिरते. तो मधुमेही आहे, प्रवासी आहे, की खरोखरच बेफिकीर आहे, याची चौकशी करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि घरातली गोष्ट याहून नाजूक आहे. ज्या दिवसांत खुद्द शरीअतनेच स्त्रीला रोजा ठेवण्यास मनाई केली आहे, त्या दिवसांतही आपल्या लेकी-सुना भावापासून, सासऱ्यापासून लपून, मोरीत किंवा दाराआड दोन घास गिळतात. सहरीला उठून जेवण्याचे नाटक करतात. अल्लाहने दिलेली सवलत तिला चोरीसारखी घ्यावी लागते, कारण कोणी तरी ‘आज रोजा का नाही?’ असे विचारील. ज्या घरात हा प्रश्न विचारला जात नाही आणि जेवणाचे भांडे तिच्यासाठी निमूटपणे झाकून ठेवलेले असते, ते घर बाराव्या आयतीवर अमल करते. त्यासाठी बापाने फार काही करायचे नाही. दुपारच्या वेळी स्वयंपाकघरात डोकावू नये, आणि मुलांना तसेच सांगावे.

तीच गोष्ट बहिष्काराची. एखाद्याने जमातीच्या मुखियांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले, हिशेब मागितला, निवडणुकीत दुसऱ्या बाजूला मत दिले, की त्याच्या घरची दावत घ्यायची नाही आणि त्याला दावत द्यायची नाही असा फतवा निघतो. त्याला फतवा म्हणणेही चूक आहे. ती रोटीबंदी आहे आणि तिचा उगम पुन्हा त्या दौलताबादच्या टाक्यापाशी सापडेल. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला तो सर्व जातिधर्मांच्या पंचायतींसाठी आहे, आपल्या जमातींसाठीही. मक्केत शिअबे अबी तालिबमध्ये प्रेषित (स.) आणि त्यांच्या कुळाला वर्षानुवर्षे कोंडून, अन्नाचा व्यवहार तोडून, कुरैशांनी हेच केले होते. तिथे भुकेने रडणाऱ्या मुलांचे आवाज घाटीबाहेर ऐकू येत. ज्यांच्या प्रेषितावर (स.) बहिष्कार घातला गेला त्यांनी तेच शस्त्र उचलावे, हे मला समजत नाही.

ज्याच्या हाती अधिकार असतो त्याने आपल्या ताटाकडे कसे पाहावे, हे हिजरी १८ मधल्या दुष्काळाने दाखवले. त्या वर्षाला इतिहासात ‘रमादा’ म्हणतात, राखेचे वर्ष. लोकांना तूप-मांस मिळत नाही तोवर मीही खाणार नाही, असे हजरत उमर (रजि.) यांनी ठरवले आणि केवळ तेलावर राहिले, त्यांच्या कांतीचा रंग काळवंडला. दुसऱ्यांनी काय खाऊ नये याचा हुकूम त्यांनी काढला नाही. स्वतः काय सोडायचे एवढेच ठरवले.

बुखारीमध्ये हजरत अनस (रजि.) यांची एक साधी रिवायत आहे. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलावले. अनस (रजि.) सोबत गेले. त्याच्या घरी जवाची भाकरी होती, आणि रश्श्यात भोपळ्याच्या फोडी व सुकवलेले मांस होते. थाळा समोर ठेवून तो शिंपी आपल्या शिवणकामाकडे वळला. प्रेषित (स.) थाळ्याच्या कडेकडेने भोपळ्याच्या फोडी शोधून खात होते, हे पाहून अनस (रजि.) त्या त्यांच्यापुढे सरकवू लागले, आणि त्या दिवसापासून आपल्यालाही भोपळा आवडू लागला असे ते म्हातारपणी सांगत. शिंप्याचे नाव त्या रिवायतीत आलेले नाही.